घोडा आपला, जागा कुणाची?

१६९२ साली व्हर्जिनियाच्या इंग्रज वसाहतीत एक कायदा झाला. गुलामांनी आपली खूण करून पाळलेले घोडे, गुरं आणि डुकरं मालकांनी ताब्यात घ्यावीत आणि त्यांच्यावर स्वतःची खूण उमटवावी, असं त्यात फर्मावलं होतं. म्हणजे तोवर गुलाम जनावरं राखून होते. नाहीतर कायदा करायचं कारणच नव्हतं. पुढे १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी उठाव केला. तो मोडून काढल्यावर दुसऱ्याच वर्षी तिथल्या गोऱ्या सरकारने गुलामांवरचे निर्बंध आवळले. गुलामाने घोडे बाळगू नयेत, गुरं-मेंढरं पाळू नयेत, आणि त्याचबरोबर होडीही ठेवू नये, असं १७४० चा कायदा म्हणतो. घोडा आणि होडी यांना एकाच दोरीत बांधणारे ते कायदेपंडित निर्दयी असतील, पण बिनडोक नव्हते. माणूस पळून जातो तो या दोनच साधनांनी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अमेरिकेच्या दक्षिण भागात रात्री गस्त घालणाऱ्या गोऱ्यांच्या टोळ्या घोड्यावरून फिरत. शिवारातल्या वाटेवर पायी चाललेला काळा माणूस दिसला की त्याच्याकडे मालकाची चिठ्ठी मागत. चिठ्ठी नसली की चाबूक. तेव्हा कोण घोड्यावर आणि कोण पायी, ही त्या समाजात दुरून ओळखता येणारी गोष्ट होती. शहरात, डांबरी रस्त्यावर, विटांच्या पडक्या घरांच्या रांगेतून आज एखादा काळा मुलगा खोगिराशिवाय घोडा दामटत जातो, तेव्हा पर्यटक गंमत म्हणून फोटो काढतात. त्या घोड्यामागे तीनशे वर्षांचा हा हिशेब आहे. फिलाडेल्फियातल्या फ्लेचर स्ट्रीट या गल्लीतल्या तबेल्यांची हकीकत सांगायची, तर सुरुवात या कायद्यांपासूनच करावी लागते.

घोडा बाळगायला बंदी होती, पण घोड्याची चाकरी करायला नव्हती. उलट ती सगळी गुलामांच्याच गळ्यात. खरारा, चंदी, पाणी, शिंगरांना वळण लावणं, बिथरलेलं जनावर ताळ्यावर आणणं, मालकाच्या पैजेसाठी शर्यतीत जीव धोक्यात घालणं हे सारं त्यांनीच करायचं. आपल्याकडे स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर यांच्या मानात केवढं अंतर होतं, ते मराठी वाचकाला सांगायला नको. दक्षिणेतला काळा मोतद्दार तर बारगिराच्याही खाली: घोडा मालकाचा आणि घोड्याला जपणारा माणूसही मालकाचाच. पण विद्या मात्र या माणसाच्या हातात राहिली. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली तेव्हा जमीन नाही, पैसा नाही, अक्षरओळख नाही अशा लाखो लोकांपैकी काहींकडे बाजारात किंमत असलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे घोड्याची जाण.

या जाणकारीच्या जोरावर पुढची पंचवीस-तीस वर्षं त्यांनी जे केलं, ते अमेरिकेने नंतर जवळजवळ पुसून टाकलं. टेक्सासात मोकाट वाढलेली गुरं हाकत शेकडो मैलांवरच्या कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत न्यायची, हा १८६७ नंतर मोठा धंदा झाला. या धंद्यातल्या गुराख्यांपैकी साधारण चौथा हिस्सा काळ्यांचा होता, असा अंदाज इतिहासकार देतात. आकडा थोडाफार मागेपुढे होईल. पण सिनेमात दिसतात तसे सगळे काउबॉय गोरे नव्हते, याबद्दल वाद उरलेला नाही. टेनेसीत गुलाम म्हणून जन्मलेल्या नॅट लव्हने १९०७ मध्ये आपलं आत्मचरित्र छापलं आणि त्यात फुशारकीला काही कमी ठेवलं नाही. टेक्सासचा बिल पिकेट धावत्या घोड्यावरून बैलाच्या शिंगांवर झेप घेऊन त्याला लोळवायचा. हा खेळ आजही रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धांत, चालतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तेव्हा ते मुक्त झालेले काही लोक कॅन्ससच्या वाटेवर घोड्यावर होते.

शर्यतींचं मैदानही त्यांचंच होतं. केंटकी डर्बी १८७५ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी धावलेल्या पंधरा घोड्यांपैकी तेरांवर काळे जॉकी होते. जिंकणारा ऑलिव्हर लुईस काळा होता आणि त्या घोड्याला तयार करणारा अ‍ॅन्सेल विल्यमसन हा एके काळचा गुलाम. पहिल्या अठ्ठावीसपैकी पंधरा डर्बी काळ्या जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फीने तर एकट्याने तीन. मग शर्यतींत पैसा वाढला, मानमरातब आला आणि गोऱ्या जॉकींना या मैदानात दुसऱ्या कुणाचा वाटा नकोसा झाला. धावताना कडेच्या कुंपणावर रेटणं, चाबूक घोड्याऐवजी माणसावर ओढणं, मालकांवर दबाव आणणं असे सगळे प्रकार झाले. १९०१ आणि १९०२ ची डर्बी जिंकणारा जिमी विंकफिल्ड अमेरिका सोडून रशियात गेला आणि झारच्या राज्यात नाव कमावून बसला. रशियन क्रांतीनंतरच्या यादवीत ओडेसातून शर्यतीच्या घोड्यांचा मोठा तांडा हाकत पोलंडपर्यंत नेणाऱ्यांतही तो होता. इकडे त्याच्या देशात १९२१ नंतर पार २००० सालापर्यंत एकही काळा अमेरिकन जॉकी केंटकी डर्बीत उतरला नाही. सत्तर-ऐंशी वर्षांत लोकांच्या डोळ्यांपुढून चित्रच बदललं, आणि काळा माणूस घोड्यावर दिसला की नवल वाटायला लागलं.

जॉकींचं हे असं झालं; दक्षिणेत शेतं वाट्याने कसणाऱ्या काळ्यांच्या नशिबी कर्ज, मारहाण आणि झुंडीकडून होणाऱ्या हत्या होत्या. पहिलं महायुद्ध सुरू झालं, युरोपातून येणारे मजूर थांबले आणि उत्तरेकडच्या कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. १९१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वेने दक्षिणेत दलाल पाठवून मजूर भरती केली. तिथपासून १९७० पर्यंत सुमारे साठ लाख काळ्या लोकांनी दक्षिण सोडली. फिलाडेल्फियात १९१० मध्ये त्यांची वस्ती सुमारे ८४ हजार होती, ती दहा वर्षांत १ लाख ३४ हजारांवर गेली. ही माणसं व्हर्जिनिया, कॅरोलायना, जॉर्जिया या भागांतली. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांसाठी ते घोडाबंदीचे कायदे झाले, त्यांचीच नातवंडं-पतवंडं.

शहरात येऊन घोडा कशाला हवा, असं वाटेल. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं अमेरिकन शहर घोड्याच्या टापांवर चालत होतं. दूध, बर्फ, कोळसा, भाजीपाला, भंगार, घरसामान, सगळं घोडागाड्यांतून फिरे. गल्ल्यांच्या पोटात विटांचे तबेले होते. कारखान्यात काळ्या माणसाला सगळ्यांत घाणेरडं काम आणि सगळ्यांत कमी मजुरी. युनियनची दारं बहुतेक ठिकाणी बंद. अशा वेळी एक घोडा, एक गाडी आणि पहाटे घाऊक बाजारातून उचललेली फळं एवढ्या भांडवलावर माणूस आपला आपण मालक होऊ शकत होता. फोरमनच्या शिव्या खायला नकोत, भोंग्याची वाट बघायला नको. बाल्टिमोरमध्ये हे फेरीवाले आजही थोडेफार उरले आहेत. तिथे त्यांना अरॅबर म्हणतात. रंगवलेली गाडी, घुंगरांचा पट्टा बांधलेला घोडा आणि लांबवर ऐकू जाणारी ललकारी ही त्यांची खूण. त्या शहरात १९९४ मध्ये ही परंपरा जपण्यासाठी एक संस्थाही निघाली. तरी २००७ मध्ये त्यांच्या रिट्रीट स्ट्रीटवरचा तबेला धोकादायक ठरवून महापालिकेने रिकामा करायला लावला आणि घोड्यांची रवानगी एका पुलाखालच्या तंबूत झाली.

फिलाडेल्फियात मोटारी आल्या, दुधाचे घोडे गेले. व्यवहार असा की, घोड्याचं काम संपलं की घोडा विकायचा. पण इथल्या काही काळ्या कुटुंबांनी घोडे विकले नाहीत. आठवडाभर कुठेतरी राबायचं आणि रविवारी घोड्यावर बसायचं, असा क्रम पडला. तबेला ही कामाची जागा होती, ती बसण्या-उठण्याची, गप्पांची, पोरांना नजरेखाली ठेवण्याची जागा झाली. शहराच्या उत्तर भागात स्ट्रॉबेरी मॅन्शन नावाची वस्ती आहे. तिला लागून फेअरमाउंट पार्क हे अफाट उद्यान पसरलेलं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही वस्ती मुख्यतः ज्यूंची होती; हळूहळू ते उपनगरांत गेले आणि काळी कुटुंबं राहायला आली. जॉन कोल्ट्रेन हा थोर सॅक्सोफोनवादक १९५० च्या दशकात याच वस्तीच्या पार्कासमोरच्या रस्त्यावर राहत होता. त्याच्या घरापासून फ्लेचर स्ट्रीट काही फार दूर नाही.

ऑगस्ट १९६४ मध्ये उत्तर फिलाडेल्फियात कोलंबिया अ‍ॅव्हेन्यूवर पोलिसांशी झालेल्या एका झटापटीतून दंगल पेटली आणि तीन दिवस दुकानं लुटली गेली, जळाली. दुकानदार गेले ते परतले नाहीत. त्याआधीच कारखाने बंद पडायला लागले होते. बँका या भागात कर्जच देत नव्हत्या. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्या वस्त्या लाल रंगाने रंगवून तिथे पैसा गुंतवणं धोक्याचं असं ठरवून ठेवलं होतं. शहराची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे २० लाख ७१ हजार होती, ती २००० मध्ये १५ लाख १७ हजारांवर घसरली. घरं रिकामी पडली, छपरं कोसळली, आणि पाडलेल्या घरांच्या जागी गवत माजलं. अशा पडीक भूखंडांची संख्या शहरात चाळीस हजारांच्या घरात सांगितली जाते.

माझ्या मते फ्लेचर स्ट्रीटची सगळी गोष्ट या पडीक जमिनीत आहे. तिच्यावर लिहिणारे बहुतेक लोक घोड्यांबद्दल लिहितात. ते साहजिक आहे, घोडा देखणा असतो. पण शहराने टाकून दिलेल्या जागा नसत्या, तर हे घोडे तगले नसते. कुणाला नको असलेल्या भूखंडावर कुंपण घातलं, टाकाऊ फळ्या ठोकून ठाण तयार केलं, पलीकडच्या मोकळ्या जागेवर घोडे चरायला आणि फिरवायला सोडले, आणि कुणी हटकलं नाही. हटकायला येणार कोण? ज्या महापालिकेची कचऱ्याची गाडी या गल्लीत वेळेवर येत नव्हती, तिचा निरीक्षक तरी कशाला येईल! शहराचं दुर्लक्ष आणि तिथल्या लोकांची मोकळीक एकाच जमिनीत वाढली. पुढे जे घडलं त्याचं बीजही त्यातच होतं.

फ्लेचर स्ट्रीटवरच्या तबेल्यांचं नाव एलिस फेरेल या माणसाशी जोडलं गेलं. अनेक दशकं त्याने तिथे घोडे राखले, पोरांना शिकवलं आणि पुढे ‘फ्लेचर स्ट्रीट अर्बन रायडिंग क्लब’ नावाने संस्था उभी केली. क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, पांढरी कुंपणं आणि वार्षिक वर्गणी येते. इथे यातलं काही नव्हतं. एखादं पोर गल्लीतून जाता जाता तबेल्याच्या दारात रेंगाळायचं. त्याच्या हातात फावडं दिलं जायचं. लीद काढ, पेंढा पसर, पाणी भर, खुरातले खडे काढ. पंधरा दिवस, महिना हे टिकलास तर घोड्यावर बस. शाळा बुडवलीस तर येऊ नकोस. बसायला शिकवायची पद्धतही साधीच होती: आधी खोगिराशिवाय, नुसत्या पाठीवर. पडायचं, उठायचं, मांड पक्की करायची. घरी बाप नसलेल्या किंवा तुरुंगात असलेल्या मुलांची संख्या या वस्तीत थोडी नव्हती. कोपऱ्यावर उभं राहून गर्द विकणाऱ्यांना अशी पोरं सहज मिळत. तबेल्यातल्या वडीलधाऱ्यांनी त्याच पोरांवर आपला हक्क सांगितला, असं म्हणायला हरकत नाही.

घोडे यायचे कुठून, हाही भाग रंजक आहे. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर लँकेस्टर काउंटीत न्यू हॉलंड नावाचं गाव आहे. आसपास आमिश या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांची वस्ती. दर सोमवारी तिथे घोड्यांचा लिलाव भरतो. नांगराला जुंपून थकलेले, शर्यतीत मागे पडलेले, पाय दुखावलेले घोडे तिथे येतात आणि बोली लावणाऱ्यांत खाटीकखान्यांचे दलालही असतात. अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. तेव्हापासून ही जनावरं ट्रकांत भरून कॅनडा किंवा मेक्सिकोकडे नेली जातात. फ्लेचर स्ट्रीटचे लोक याच बाजारात, दलालांशी चढाओढ करत, काहीशे डॉलरमध्ये घोडा उचलत. शर्यतीवाल्यांनी निकाली काढलेला एखादा जातिवंत घोडा मग उत्तर फिलाडेल्फियाच्या गल्लीत नव्याने धावायला लागे. समाजाने टाकलेली मुलं आणि मालकांनी टाकलेली जनावरं, असं समीकरण यावरून बरेच जण मांडतात. मला ते फार गुळगुळीत वाटतं. मुलांना विचारलं तर ती घोड्याच्या चालीबद्दल, रागाबद्दल आणि कोणाचा घोडा कोणाला हरवतो याबद्दल बोलतील.

शर्यती पार्कात होत. रविवारी वेगवेगळ्या तबेल्यांचे घोडेस्वार एकत्र जमत. फ्लेचर स्ट्रीट हा एकच तबेला नव्हता, शहरात असे अनेक होते. पैजा लागत, खाणंपिणं होई, मोटारींच्या टपांवर बसून म्हातारे शेरे मारत. गल्लीतून पार्काकडे जाताना सिग्नलला घोडा थांबे आणि शेजारच्या बसमधली माणसं खिडकीत येत. सोळा-सतरा वर्षांचा काळा मुलगा या शहरात एरवी रस्त्यावर चालला तर पोलिसाची गाडी हळू होते. त्याला थांबवतात, खिसे उलटे करायला लावतात. तोच मुलगा घोड्यावर असला की लोक मान वर करून त्याच्याकडे बघत आणि तो वरून खाली बघे. हे फ्लेचर स्ट्रीटवरच्या अनेक घोडेस्वारांनी मुलाखतींत आपापल्या शब्दांत सांगितलं आहे. मोकळेपणा म्हणजे काय, असं विचारल्यावर ते मोठी तत्त्वं सांगत नाहीत, उंचीबद्दल बोलतात.

सगळं गोड नव्हतं. शहराच्या मधोमध मोडक्या लाकडाच्या तबेल्यात ठेवलेल्या घोड्यांबद्दल तक्रारी येत, आणि त्या सगळ्याच खोट्या होत्या असं नाही. डांबरावर चौखूर उधळल्याने घोड्याचे पाय जातात. नालबंद आणि पशुवैद्य यांचा खर्च सगळ्यांनाच झेपत नाही. काही मालक काळजीपूर्वक राखत, काही हयगय करत. लीद वेळच्या वेळी उचलली नाही की उंदीर होतात आणि शेजारी वैतागतात. प्राणिमित्र संस्थांचे लोक येऊन पाहणी करत. पण निर्णय घेणाऱ्यांनी चांगला तबेला आणि वाईट तबेला यांत फारसा फरक केला नाही. २००८ मध्ये शहराने फ्लेचर स्ट्रीटवर बुलडोझर पाठवले आणि तिथली काही बांधकामं पाडली. कारण आरोग्याचं आणि सुरक्षिततेचं दिलं गेलं. जमीन सरकारी होती, त्यामुळे कागदावर सरकारची बाजू भक्कमच होती. फेरेल आणि त्याचे साथीदार उरलेल्या तबेल्यांत पुन्हा कामाला लागले.

याच काळात बाहेरच्या जगाला फ्लेचर स्ट्रीटचा शोध लागत होता. मार्था कॅमॅरिलो या छायाचित्रकार बाईंचं पुस्तक २००६ मध्ये आलं. ग्रेग नेरीने २०११ मध्ये ‘घेटो काउबॉय’ ही कुमारांसाठीची कादंबरी लिहिली. अल्जीरियात जन्मलेला फ्रेंच कलावंत मोहम्मद बुरुइसा काही महिने वस्तीत येऊन राहिला आणि २०१४ मध्ये त्याने घोड्यांना कलावंतांनी केलेले साज चढवून एक मोठी स्पर्धा भरवली. घोडे सीडीच्या चकत्यांनी चमकत होते. तीन वर्षांनी त्याचं प्रदर्शन फिलाडेल्फियाच्याच बार्न्स फाउंडेशनमध्ये, रेन्वार आणि सेझानच्या चित्रांच्या शेजारी लागलं. शेवटी नेरीच्या कादंबरीवरून ‘काँक्रीट काउबॉय’ हा चित्रपट निघाला. इड्रिस एल्बा त्यात बापाच्या भूमिकेत होता आणि तबेल्यातले काही खरेखुरे घोडेस्वारही त्यात काम करत होते. एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवरून तो जगभर पोचला.

तबेल्यासमोरचं मोकळं मैदान, जिथे घोडे रिंगणात फिरवले जात, ते याच सुमारास बांधकामासाठी गेलं. तिथे वृद्धांसाठी परवडणाऱ्या भाड्याची घरं ठरली. आता यात खलनायक कोण, ते सांगा! श्रीमंतांचा मनोरा आला असता तर मोर्चा काढणं सोपं होतं. पण वस्तीतल्या गरीब म्हाताऱ्यांना घरं हवीत हेही खरंच, आणि मुलांना मैदान हवं हेही खरं. दुर्लक्षाच्या काळात मिळालेल्या जागेच्या कागदावर घोडेवाल्यांपैकी कुणाचंच नाव नव्हतं. शहराला तिची आठवण झाली त्या दिवशी ती आपोआप शहराची झाली. वापराला चार दशकं झाली म्हणून सातबारा होत नाही, हे आपल्याकडच्या गायरानावर राहणाऱ्यांना कुणी वेगळं शिकवायला नको.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातही हेच घडलं. तिथे १९९४ मध्ये काळ्या घोडेस्वारांनी आपली संघटना काढली आणि शहराच्या उद्यान खात्याच्या जागेवर तबेले चालवले. २०१६ मध्ये त्या जागेचा परवाना गेला आणि जागा दुसऱ्या संस्थेकडे दिली गेली. याउलट लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनकडे पाहावं. हे गाव १८८८ मध्ये शहर म्हणून नोंदलं गेलं. त्याचा संस्थापक ग्रिफिथ कॉम्प्टन याने जमीन देताना काही भाग शेतीसाठीच राहावा अशी अट घातली. तो भाग म्हणजे रिचलँड फार्म्स. त्या भल्या माणसाच्या मनात काळे घोडेस्वार असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे कित्येक वर्षं या शहरात काळ्यांना घर विकायचं नाही असे करार होते. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे करार कोर्टामार्फत लादता येणार नाहीत असा निकाल दिला, मग काळी कुटुंबं आली आणि शेतीची अट त्यांच्या उपयोगी पडली. मोठी परसं, मागे तबेला, आणि तो तबेला पूर्णपणे कायदेशीर. मायीशा अकबर यांनी १९८८ मध्ये इथे मुलांसाठी घोडेस्वारीचा उपक्रम सुरू केला. टोळीयुद्धांनी कॉम्प्टनचं नाव जगभर बदनाम होत होतं, ती हीच वर्षं. त्या उपक्रमातून वाढलेली मुलं पुढे ‘कॉम्प्टन काउबॉइज’ म्हणून गाजली. कॉम्प्टनमध्येही गरिबी होती, गोळीबार होते. पण तिथे घराचा कागद घोडेवाल्याच्या नावावर होता, आणि माझ्या मते सगळा फरक एवढ्यानेच पडला.

मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा जीव घेतला. देशभर निदर्शनं पेटली. ओकलंडमध्ये ब्रिआना नोबल ही तरुणी आपला ‘डॅपर डॅन’ नावाचा घोडा घेऊन मोर्चाच्या अग्रभागी गेली. तिचं म्हणणं असं की, घोड्यावरच्या काळ्या बाईकडे कुणाला दुर्लक्ष करता येत नाही. कॉम्प्टनमध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात शांतता मोर्चा निघाला, त्यात घोडे होते. ह्यूस्टनमध्येही काळे घोडेस्वार रस्त्यावर उतरले. फ्लॉइडची शवपेटी पांढऱ्या घोड्यांच्या गाडीतून स्मशानाकडे गेली. हे दृश्य पाहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुसरं एक दृश्य आठवलं असणार. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातल्या सेल्मा गावी मतदानाच्या हक्कासाठी पुलावरून निघालेल्या काळ्या लोकांवर शेरीफ जिम क्लार्कच्या माणसांनी घोडे घातले होते. रात्रीच्या गस्तीपासून सेल्मापर्यंत घोड्यावरचा माणूस म्हणजे सत्तेचा माणूस, हा तिथला रिवाज. २०२० मध्ये तोच घोडा मोर्चेकऱ्यांच्या बाजूला उभा होता.

फिलाडेल्फियाला परत येऊ. फेअरमाउंट पार्कातच शॅमुनी नावाच्या ठिकाणी शहराच्या मालकीचे तबेले आहेत. तिथे लेझ्ली हायनर यांनी १९९४ मध्ये ‘वर्क टू राइड’ नावाचा उपक्रम सुरू केला. मुलांनी तबेल्यात काम करायचं, शाळेत मार्क टिकवायचे आणि बदल्यात घोडेस्वारी व पोलो शिकायचा. पोलो म्हणजे राजेरजवाड्यांचा खेळ. २०११ मध्ये इथल्या तिघा काळ्या मुलांच्या संघाने शाळकरी मुलांची राष्ट्रीय पोलो स्पर्धा जिंकली. केवळ काळ्या खेळाडूंचा संघ ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्यातल्या करीम रॉसरने पुढे आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. उपक्रमाचं यश मोठं आहे आणि ते हायनर बाईंचं आणि त्या मुलांचं आहे. पण डोक्यावरचं छप्पर आणि पायाखालची जमीन शहराने दिली होती, हेही त्याच्या बरोबरीने मोजायला हवं. फ्लेचर स्ट्रीटचे घोडे ज्या पार्कात रविवारी धावायचे, त्याच पार्कात हा तबेला आहे. दोघांमध्ये अंतर काही किलोमीटरचं. एकाकडे शहराशी केलेला लेखी करार आहे, दुसऱ्याकडे तोंडी परंपरा.

‘काँक्रीट काउबॉय’ करणारे लोक चित्रपट संपल्यावर निघून गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. घोडेस्वारांना सोबत घेऊन त्यांनी ‘फिलाडेल्फिया अर्बन रायडिंग अकॅडमी’ नावाची संस्था काढली आणि कायमच्या जागेसाठी देणग्या गोळा करायला आणि शहराशी बोलणी करायला सुरुवात केली. या नव्या संस्थेत संचालक मंडळ आहे, वकील आहेत, वास्तुरचनाकारांचे आराखडे आहेत. जुन्या तबेल्यातल्या काही म्हाताऱ्यांना याचं थोडं अवघड वाटत असेल. अर्ज, विमा, मुलांच्या पालकांच्या सह्या, घोड्यांची वैद्यकीय कागदपत्रं हे सगळं आलं की गल्लीतून सहज डोकावणाऱ्या पोराच्या हातात फावडं देता येत नाही. आधी फॉर्म द्यावा लागतो. पण फॉर्म नसलेल्या तबेल्याचं २००८ मध्ये काय झालं, तेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. फ्लेचर स्ट्रीटवर उरलेल्या घोड्यांना तोवर रोज सकाळी चंदी घालावीच लागते, आणि गवताचे भारे दर हिवाळ्यात महाग होतात.